परदेशात मुलांसोबत काम करायला जाताय? लळा लागणार, हे धरूनच तयारी करा

परीक्षा आटोपल्या, नागपूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात गेला, की कॉलेजातली पोरंपोरी आणि हल्ली निवृत्त शिक्षकसुद्धा विचारायला लागतात, "नेपाळला नाहीतर आफ्रिकेत जाऊन लहान मुलांना शिकवायचं आहे, कसं जायचं?" गाडी कुठली पकडायची हे सांगणं सोपं. पण तिथे काय करायचं, काय टाळायचं आणि निघायचं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. नेपाळच्या डोंगराळ भागातल्या एका सरकारी शाळेत मी काम केलं आहे आणि इथून जाणाऱ्यांची तयारीही करून घेते, म्हणून जरा ऐसपैस लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक नेपाळचीच येतील. खिशाला आणि जिभेला तोच देश आपल्याला सगळ्यात जवळचा.

तिथल्या मुलांचा तुम्हाला लळा लागणार आणि तुमचा त्यांना. त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही कोणत्या तारखेला परतणार हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, मुलांना नसतं. काम निवडण्यापासून निरोप घेण्यापर्यंतचं सगळं या एका गोष्टीवर नजर ठेवून ठरवायचं.

पहिली पायरी: अनाथाश्रम यादीतून खोडा

"अनाथ मुलांसोबत दोन आठवडे" असं काही दिसलं की पुढे वाचूच नका. हे कठोर वाटेल, पण कारणं ऐका.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. एवढी मुलं अचानक पोरकी झाली होती का? नाही. तिथल्या साधारण चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. वाढले होते ते पर्यटक आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या देणग्या. नेपाळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून "शहरात शिकवतो" असं सांगून दलालांनी मुलं आणली, आईवडिलांकडून पैसेही घेतले आणि पुढे तीच मुलं पाहुण्यांसमोर अनाथ म्हणून उभी केली. २०१५च्या भूकंपानंतर हे प्रकार वाढण्याची भीती होती, म्हणून पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर तिथल्या सरकारनं निर्बंध घातले. ऑस्ट्रेलियात २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली गेली. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांमधल्या स्वयंसेवेचे धोके नोंदवले.

संस्था अगदी प्रामाणिक असली तरी दुसरा प्रश्न उरतोच. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात सांगितलं होतं, की लहान मुलाला कायम सोबत असणारं, जीव लावणारं एक माणूस लागतं. रोमानियात २००० साली संस्थांमधल्या १३६ लहान मुलांवर सुरू झालेल्या अभ्यासानंही तेच पुढे आणलं: माणसं सतत बदलत राहिली की मुलाची जवळीक कुणाशीच धड जुळत नाही. अशी काही मुलं मग समोर येईल त्या अनोळखी माणसाच्या कडेवर चढतात. पाहुण्याला वाटतं, किती प्रेमळ लेकरू! घरात वाढणारं चार वर्षांचं पोर परक्याला बघून आईच्या पदराआड जातं, ते आठवून बघा. पहिल्याच दिवशी गळ्यात पडणाऱ्या मुलाला पाहून सुखावण्याआधी थोडं काळजीत पडायला हवं.

मग जायचं कुठे? जिथे मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं अशा ठिकाणी. गावातली शाळा, वाचनालय, खेळाचं मैदान, शाळेनंतरचा अभ्यासवर्ग. तुम्ही निघून गेलात तरी त्याची आई, आजी आणि त्याचे नेहमीचे सर-मॅडम तिथेच असतात.

दुसरी पायरी: आधी नागपुरात हात बसवा

घराजवळच्या वस्तीत चालणारा एखादा अभ्यासवर्ग शोधा आणि निदान एक तिमाही, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, न चुकता जा. विजय बारसे सरांनी २००१मध्ये इथे सुरू केलेल्या स्लम सॉकरचं काम बघा. फुटबॉलच्या आधारानं मुलांशी कसं बोलता येतं ते तिथे कळतं. उन्हाळ्यात बाबा आमटेंच्या परंपरेतली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी असते. तिथे मुलांना शिकवायचं नसतं, पण पहाटे उठून श्रमदान, पंगतीतलं साधं जेवण, अनोळखी माणसांसोबत राहणं याची सवय होते. ही सवय परदेशात डिग्रीपेक्षा जास्त कामी येते.

वस्तीतल्या वर्गाला दांडी मारायचं मन पहिल्यांदा कधी होतं, ते स्वतःशी नोंदवून ठेवा. मे महिन्यात दुपारी चारला कूलरसमोरून उठून जायचं जिवावर येत असेल, तर डोंगरात दीड तास चालून शाळेत जायचं काय होणार? आणि वर्ग सोडताना मुलांना काय सांगता, कसं सांगता, तेही बघा. निरोपाची ही पहिली तालीम.

तिसरी पायरी: संस्था पारखा

मोठी, जुनी नावं माहीत असावीत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७१पासून प्रत्यक्ष चालू आहे, मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात. त्यात निवड झाल्यावर निर्वाहभत्ता मिळतो, युवा गटासाठी वय १८ ते २६ लागतं, आणि घरबसल्या करता येणारं ऑनलाइन कामही असतं. व्हीएसओ ही ब्रिटिश संस्था १९५८पासून काम करते आहे, तिला अनुभवी माणसं हवी असतात. या दोन्हीकडे निवड कठीण आहे. बहुतेक जण शेवटी छोट्या संस्थेकडे किंवा पैसे घेऊन पाठवणाऱ्या एजन्सीकडे वळतात. पैसे घेणं हा गुन्हा नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च असतोच. पण त्यातला किती वाटा गावात पोहोचतो हे विचारायला लाजू नका.

ईमेलवर नको, व्हिडिओ कॉलवर बोला आणि हे विचारा:

- माझी चारित्र्य पडताळणी मागणार का? (नाही म्हणाले, तर तिथेच थांबा. तुमची चौकशी न करणारे इतर कुणाचीच करत नसणार.)
- वर्गात माझ्यासोबत तिथले शिक्षक असतील का, की मी त्यांच्या जागी उभी राहणार?
- मी आले नाही तर हे काम कोण करेल? मी गेल्यावर कोण करेल?
- मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण आहे का? तक्रार कुणाकडे करायची?
- याआधी आलेल्या दोन स्वयंसेवकांशी बोलता येईल का?

नेपाळातली संस्था असेल तर ती समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का, तेही विचारा.

माझं झुकतं माप एकाच प्रकारच्या कामाला आहे: शिक्षकाला मदत करण्याचं काम. गणिताची साधनं बनवणं, वाचनालय लावून देणं, इंग्रजी बोलण्याचा शिक्षकांचा सराव घेणं. फोटो कमी छान येतात. पण तुम्ही गेल्यावर काम उरतं, आणि मुलांचा सगळा जीव तुमच्या एकटीत अडकत नाही.

चौथी पायरी: कागद, लस, तारखा

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. आधार कार्ड प्रौढांना चालत नाही, आणि विमानतळावरून यामुळे परत आलेली माणसं मला माहीत आहेत. पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्यांना यात सूट आहे. इतर देशांसाठी पासपोर्ट आधीच काढून ठेवा, त्याचं काम नागपुरातच होतं. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करता येत नाही, त्यामुळे "टुरिस्ट म्हणून या, पुढचं बघून घेऊ" म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळतो. देशानुसार पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही लागू शकतं.

केनिया, युगांडाला जाणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. पिवळं पुस्तक, म्हणजे या लसीचा दाखला, आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. बाकी धनुर्वात, टायफॉइड, कावीळ-अ, गोवर आणि कुत्री फार असतील तिथे रेबीजची आगाऊ लस, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मुलांमध्ये राहायचं म्हणजे गोवर-कांजिण्या तुम्ही नेऊही शकता आणि आणूही शकता.

तारखा मात्र नीट जुळवा. नेपाळी शाळांचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. आपल्या उन्हाळी सुट्टीत तिथल्या शाळा भरलेल्या असतात, म्हणून मे ते जूनचा मध्य हा नागपूरकरांना उत्तम काळ. त्यानंतर पाऊस, दरडी आणि डोंगराळ भागातली पावसाळी सुट्टी. दसैं-तिहारच्या दिवसांत, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीला, जाऊन शिकवायला कुणी सापडणार नाही. शनिवारी शाळा बंद.

पाचवी पायरी: पोहोचणं

हा भाग थोडक्यात. नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसनं गोरखपूर, तिथून साधारण शंभर किलोमीटरवर सोनौलीची सीमा. पलीकडे भैरहवा, तिथून लुंबिनी जवळच. दीक्षाभूमीच्या शहरातल्या कितीतरी घरांना हा रस्ता लुंबिनीच्या यात्रेमुळे पाठ आहे, शेजारीपाजारी विचारलंत तर बस कुठून पकडायची इथपर्यंत माहिती मिळेल. डोंगरात जायचं तर भैरहवा, बुटवल आणि पुढे सिद्धार्थ राजमार्गानं पाल्पा-तानसेन. घाटात पोट ढवळतं, आल्याच्या वड्या जवळ ठेवा. भारतीय शंभराचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. छोट्या भारतीय नोटा सीमेलगत चालतात, आत गेल्यावर नेपाळी पैसेच बरे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

सहावी पायरी: पहिला आठवडा मागच्या बाकावर

पहिले काही दिवस काहीही शिकवू नका. मागच्या बाकावर बसा आणि शिक्षक काय करतात ते बघा. फळ्यावर आपलीच देवनागरी दिसते, वर २०८०च्या पुढचं विक्रम संवताचं साल, आणि आपल्याला वाटतं सगळं समजतंय. समजत नसतं. हिंदी रेटून बोललं की काम भागतं, पण लहान मुलं गप्प होतात. मुलांशी "तिमी" (तू), मोठ्यांशी "तपाईं" (आपण), आणि नावाआधी नातं: दाइ (दादा), दिदी (ताई), भाइ (धाकटा भाऊ), बहिनी (धाकटी बहीण), आमा (आई), बा (वडील). एवढं आलं तरी दारं उघडतात. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३च्या डिसेंबरात हेमलकसाला गेले तेव्हा त्यांना माडिया येत नव्हती. दवाखाना चालवता चालवता ते आधी भाषा शिकले. आपल्या विदर्भातलं हे उदाहरण जवळ असताना "इंग्रजीतून शिकवू की" हे बोलणं शोभत नाही.

जेवण सकाळी दहाच्या आत दाल-भात-तरकारी, आणि रात्री पुन्हा तेच. तर्रीची आठवण येईल. ज्या घरी राहाल तिथल्या आमांना स्वयंपाकघरात येऊ का असं आधी विचारा, काही घरांत चुलीजवळ बाहेरच्यांनी गेलेलं चालत नाही.

सातवी पायरी: रोजचे नियम, लाड न करता

मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. दार उघडं, किंवा दुसरं मोठं माणूस नजरेत. मिठी मुलानं मारली तर झटकू नका, पण तुम्ही होऊन कुणाला मांडीवर ओढू नका. टाळी, मूठ, डोक्यावरून हात इतकं पुष्कळ.

चॉकलेट, पेन, खेळणी हातात वाटू नका. एका वर्गात पेनं वाटली गेली की दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला बघून हात पुढे येतात, आणि त्यांच्या सरांनी तीन वर्षं लावलेली शिस्त एका दुपारी मोडते. काही द्यायचंच असेल तर शाळेला द्या, मुख्याध्यापकांच्या हातून. संत्रा बर्फी शिक्षकांच्या खोलीत न्या, तिचं कौतुक खूप होतं.

फोटो काढताना पालकांची आणि शाळेची परवानगी घ्या. चेहरा, शाळेचं नाव आणि गाव हे तिन्ही एकत्र कधीच टाकू नका. तुमच्या भाचीचा शाळेतला फोटो एखाद्या परक्या पाहुण्यानं "बिचारी गरीब मुलगी" म्हणून टाकला तर कसं वाटेल?

एखाद्या मुलानं मारहाणीबद्दल किंवा कुणी त्रास देण्याबद्दल सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. नीट ऐका, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. नेपाळातही बालहेल्पलाइनचा नंबर आपल्यासारखाच १०९८ आहे.

आठवी पायरी: लळा कुठे लावायचा

साधारण तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं. तोवर नावं पाठ झालेली असतात, कुणाचा बाप आखातात कामाला आहे, कुणाची आई दर उन्हाळ्यात आजारी पडते, हे कळलेलं असतं. एखादं मूल तुमच्या आधी फाटकापाशी येऊन उभं राहायला लागतं. मग "ही माझी लाडकी" असं मनात सुरू होतं, आणि बाकीच्या मुलांना ते तुमच्याआधी कळतं.

अशा वेळी त्या एका मुलाला दूर लोटायचं नाही. त्याला काम द्यायचं, पण दुसऱ्या मुलासोबत जोडीनं. त्याचं कौतुक त्याच्या वर्गशिक्षकांसमोर करायचं, म्हणजे ते कौतुक तुम्ही गेल्यावरही चालू राहील. "तुझ्या सरांना दाखव बरं" हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणा.

आणि तुमचा स्वतःचा जीव? तो मोठ्या माणसांत गुंतवा. माझ्या सगळ्यात चांगल्या आठवणी शाळेबाहेरच्या आहेत. शनिवारी आम्ही अंगणात मक्याची कणसं सोलायला बसायचो. मी राहत होते त्या घरच्या आमा अंगठ्यानं कणसाची एक ओळ आधी मोकळी करायच्या, मग तळहाताच्या एका रेट्यात दाणे सुपात. माझ्या अंगठ्याला फोड आले तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्यापुढचं सूप उचलून नातवापुढे ठेवलं आणि मला चुलीवरचा चहा बघायला पाठवलं. गावाशी नातं जुळतं ते अशा बिनकामाच्या दुपारी, आणि या नात्याला परतीच्या तिकिटाचा धोका नसतो. आमांनी माणसं येता-जाताना पाहिलेली असतात. त्यांना फोन करता येतो, पुढच्या वर्षी जाता येतं, लग्नाला बोलावता येतं.

रोज रात्री चार ओळी लिहा: आज मला आपण फार महत्त्वाचे आहोत असं कधी वाटलं? तो क्षण नेमका शोधून ठेवा. गडबड बहुधा तिथूनच सुरू होते.

आपली स्वतःची मुलं सोबत नेणार असाल तर वर्गात त्यांचं प्रदर्शन करू नका. तिथल्या वर्गात बसू द्या, पण गृहपाठही करायला लावा. ती तिथल्या मुलांशी तुमच्या दुप्पट वेगानं मैत्री करतील आणि निघताना तिप्पट रडतील. त्यांच्यासाठीही निरोपाची तयारी लागते.

नववी पायरी: निघणं

हे शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पहिल्याच दिवशी वर्गात सांगा की मी अमुक महिन्यापर्यंत आहे. शेवटचे दोन आठवडे उरले की भिंतीवर दिनदर्शिका लावा आणि रोज एक चौकोन मुलांनाच खोडू द्या. लहान मुलांना तारीख कळत नाही, खोडलेले चौकोन कळतात.

"पुढच्या वर्षी नक्की येईन" असं तिकीट हातात असल्याशिवाय म्हणू नका. मूल विचारतंच, "मिस, फेरि आउने?" (पुन्हा येणार का?) खरं उत्तर द्या: "माहीत नाही. पण पत्र पाठवीन, शाळेच्या पत्त्यावर, सगळ्यांना मिळून." आणि मग ते पाठवाच. रडू नये म्हणून पहाटेच्या जीपनं गुपचूप निघून जाणारे असतात; मुलांना त्यातून इतकंच कळतं की माणसं न सांगता नाहीशी होतात. शेवटच्या दिवशी साधा कार्यक्रम ठेवा, शाळेच्या वेळेत, शिक्षकांच्या सूत्रसंचालनात. भाषण त्यांचं, तुम्ही खाली बसा.

कामाची सोपवणी कागदावर करा. कोणत्या वर्गात कुठपर्यंत झालं, साधनं कोणत्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे आहे. पुढचा स्वयंसेवक येणार असेल तर त्याला वही द्या. मुलांच्या घरच्या खासगी गोष्टी त्या वहीत नकोत.

दहावी पायरी: परत आल्यावर

रेल्वे स्टेशनवरून घरी येताना सगळं फार मोठं आणि गोंगाटाचं वाटतं. चार दिवसांनी कुणी विचारतं, "काऊन गेली होती बे तिकडं, इथं का कमी लेकरं आहेत?" चिडू नका. प्रश्न वाजवी आहे. वस्तीतला तुमचा जुना वर्ग अजून चालू असेल, तिथे परत जा.

फोनवर मुलांचे वैयक्तिक मेसेज आले तर शाळेच्या किंवा पालकांच्या नंबरवरच बोला. पैशांची विनंती येईल, कधी खरीखुरी असेल. एका मुलाची फी परस्पर भरण्याआधी मुख्याध्यापकांशी बोला. शाळेच्या निधीत दिलेत तर त्याच घराला मदत होते आणि शेजारच्या घरात तेढही येत नाही. दरमहा काही द्यायचं ठरवत असाल तर निदान ते मूल शाळा संपवेपर्यंत देता येईल एवढीच रक्कम धरा, भले ती दोनशे रुपये असो.

पुन्हा जायचं असेल तर त्याच गावी जा. दरवर्षी नवा देश बघण्यापेक्षा तीन वर्षं एकाच शाळेत, मे महिन्यात, त्याच शिक्षकांसोबत काम केलंत तर तुमचं येणं-जाणं मुलांच्या वर्षाचा भाग होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत येणाऱ्या मावशीसारखं. जमत नसेल तर शिक्षकांशी महिन्यातून एक व्हिडिओ कॉल ठेवा. नेपाळी वेळेनुसार दुपारी चारनंतर, शनिवार सोडून.